पायदळीचा परिमळ

सुगंध म्हटला की आपली दृष्टी सहसा वर जाते. चाफा, बकुळ, पारिजातक, आणि झाडीपट्टीत राहणाऱ्या माणसाला चैत्राच्या पहाटे अंथरुणातच ज्याची वार्ता लागते तो मोहाचा उग्र दरवळ, हे सारे वृक्षांचे वैभव होय. त्यांच्याखाली उभे राहावे आणि जे पदरात पडेल ते घ्यावे, एवढाच आपला त्यांच्याशी व्यवहार. परंतु वनस्पतिसृष्टीत एक वर्ग असाही आहे, की जो भूमीला बिलगून राहतो, ज्याची फुले पाहावयाची तर गुडघे टेकावे लागतात, आणि ज्याचा परिमळ त्याच्यावर पाऊल पडल्यावाचून पुरता प्रकट होत नाही. या वर्गाचे कौतुक युरोपीय लोकांनी फार केले आहे, आणि त्या कौतुकाचा मोठा वाटा तिकडच्या रानटी थाइम या वनौषधीच्या वाट्याला आलेला आहे.

थायमस सर्पायलम हे तिचे शास्त्रीय नाव. लिनियसने १७५३ साली वनस्पतींची जी सुप्रसिद्ध नामावली प्रसिद्ध केली तीत ते आलेले आहे. कुळ तुळशीचेच. देठ काष्ठमय परंतु दोऱ्याइतके बारीक, ते जमिनीवर लोळण घेत जातात आणि जेथे पेरे मातीला टेकते तेथे मुळे सोडतात. पाने नखाएवढीही नाहीत, उंची वीतभरापेक्षा पुष्कळ कमी, आणि उन्हाळ्यात जांभळ्या फुलांचे झुबके इतके दाट, की खालची हिरवळ झाकून जावी. शेक्सपिअरने आपल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकातील यक्षिणींच्या राणीला निजावयाला जागा दिली ती याच वनस्पतीने आच्छादिलेल्या उतरणीवर. इंग्लंडातील केंट परगण्यात सिसिंगहर्स्ट येथे व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट या लेखिकेने जो बगीचा उभा केला, त्यात गवताऐवजी थाइमच पसरलेले दोन चौक आहेत आणि ते पाहावयास आजही लोकांची रीघ लागते. आपल्या देशात या वनस्पतीची सख्खी बहीण काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयाच्या उतारांवर, दीड हजार मीटर आणि त्याहून अधिक उंचीवर खडकांच्या फटींतून पसरते. पहाडी लोक तिला बन-अजवायन म्हणतात, आणि ती चुरगळून हुंगणाऱ्या मराठी माणसास आपल्या स्वयंपाकघरातील फडताळाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ही आठवण निराधार नाही. थाइमच्या तेलात जे द्रव्य थंड झाल्यावर स्फटिकरूपाने खाली बसते, त्याचा शोध बर्लिनच्या दरबारातील औषधिज्ञ कास्पर नॉयमान याने १७१९ साली लावला. पुढे त्याला थायमॉल असे नाव मिळाले. तेच द्रव्य आपल्या ओव्यात आहे, आणि थाइमपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात आहे. ओव्याच्या तेलाचा तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा आणि क्वचित त्याहूनही अधिक भाग या एका द्रव्याचा असतो. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या व उज्जैनच्या बाजारात ‘अजवायन का फूल’ या नावाने विकले जाणारे पांढरे खडे म्हणजे हेच थायमॉल होते, हे पाश्चात्त्य रसायनज्ञांनी ते तपासल्यावर उघड झाले. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही कोरडे पदार्थ एका बाटलीत घातले म्हणजे पाण्याचा थेंब न घालताही त्यांचा द्रव होतो, आणि त्या द्रवाची ‘अमृतधारा’ कोणे काळी घराघरांतून पोटदुखीवर दिली जाई, हे पन्नाशीपुढील वाचकांना सांगावयास नकोच. परंतु याच ओव्याची एक हकीकत बहुतेकांना ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओव्याचे दाणे जहाजांतून जर्मनीला जात, तेथे त्यांतील थायमॉल काढले जाई, आणि ते जगभर विकले जाई. आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत लाखो अनवाणी शेतकऱ्यांचे रक्त शोषणाऱ्या अंकुशकृमीचा बीमोड करण्यासाठी १९०९ साली रॉकफेलरच्या देणगीतून जे मंडळ स्थापन झाले, त्याचे प्रमुख औषध होते थायमॉलच. म्हणजे ओवा पिकवावा आमच्या कुणब्याने, सत्त्व काढावे जर्मनाने, आणि पोट साफ व्हावे अमेरिकनाचे, असा तो त्रिखंडव्यापी व्यवहार होता. १९१४ साली युद्ध सुरू होताच तो एकाएकी बंद पडला, आणि आपल्याच दाण्यातील अर्क आपल्याच भूमीवर काढता येतो ही गोष्ट तेव्हा सरकारच्या लक्षात आली.

इतके सख्य असल्यावर साहजिकच कोणाच्याही मनात येते, की हे थाइम आपल्या अंगणात का पसरू नये? झाडीपट्टीतील गोंदिया जिल्ह्यापुरते उत्तर देणे असेल तर ते स्पष्ट द्यावयास हवे: पसरणार नाही. उन्हाचा तडाखा ही त्यातली लहान अडचण आहे, जरी मे महिन्यात येथला पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. खरी अडचण पाण्याची आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. थाइम ही खडकाळ, चुनखडीच्या, पाणी न थांबणाऱ्या उतरणीची रहिवासी. तिची मुळे आठवडाभर ओली राहिली की ती कुजतात. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले रोप येथे हिवाळ्यात कुंडीत तजेलदार दिसते, होळीनंतर मलूल होते, आणि उन्हाळ्यातून वाचलेच तर आषाढाच्या झडीत मावळते. भरपूर वाळू आणि पावसापासून आडोसा एवढी बरदास्त ठेवून ते कोणी जगवील. पण मग ती कुंडीतील पाहुणी झाली, भूमीवरचे आच्छादन झाले नाही.

शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी, की इंग्लंडातसुद्धा हे सुगंधी गालिचे बागेबाहेर आपोआप टिकत नाहीत. ते टिकवतात मेंढ्या आणि ससे. याचा पुरावा एका निळ्या फुलपाखराच्या शोकान्तिकेतून मिळाला, आणि ती कथा इतकी विलक्षण आहे, की थोडे विषयांतर पत्करूनही ती सांगितली पाहिजे. ‘लार्ज ब्लू’ नावाचे हे फुलपाखरू आपली अंडी रानटी थाइमच्या कळ्यांवर घालते. अळी तीन आठवडे फुले खाते आणि मग जमिनीवर उतरते. तेथे तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसाला भुलून एका विशिष्ट जातीच्या तांबड्या मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात घेऊन जातात, आणि ही कृतघ्न अळी पुढले दहा महिने त्यांची खरी पिल्ले फस्त करीत तेथे राहते. ही फुलपाखरे इंग्लंडात कमी होऊ लागली तेव्हा लोकांनी संग्राहकांना दोष दिला, कुंपणे घातली, गुरांना मज्जाव केला. आणि ती अधिकच वेगाने नाहीशी होत गेली. कारण कुंपणाच्या आत गवत वाढले. त्यातच १९५३ नंतर सशांवर साथीचा रोग येऊन ते कोट्यवधींनी मेले, गवत खुरटे ठेवणारे दातच उरले नाहीत, उंच गवताच्या सावलीत माती दोन-तीन अंशांनी थंड झाली, आणि ती नेमकी मुंगी उबेच्या अभावी तेथून उठून गेली. थाइम शिल्लक होती, फुलपाखरू अंडीही घालीत होते, पण अळीला उचलून नेणारे कोणी उरले नव्हते. १९७९ साली हे फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झाले. कारण उमगल्यावर गुरे पुन्हा चरावयास सोडण्यात आली, स्वीडनहून फुलपाखरे आणण्यात आली, आणि आज ती तेथे पुन्हा उडतात. भूमीला बिलगणाऱ्या वनस्पती बहुधा कोणाच्या तरी कामाच्या आश्रयाने जगतात; ते काम थांबले की उंच वाढणारे त्यांना गिळतात, आणि त्यांचे रक्षण करावयास निघालेला मनुष्य हे काम कोणते ते आधी विचारीत नाही.

आता गोंदियाकडे वळू. भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी निराळा झालेला हा आठ तालुक्यांचा मुलूख म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचे कोठार. येथला शेतकरी भूमीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशा नावांनी ओळखतो, आणि ही वर्गवारी जमाबंदीच्या कागदांतही उतरली. परंतु भूमीपेक्षाही या मुलखाची ओळख पाण्याने होते. कोहळी समाजाच्या पाटलांनी टेकड्यांच्या मधले ओहोळ अडवून जे तलाव बांधले, त्यांत अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध सर्वांत विख्यात. तो कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते. मोठे तलाव, त्यांच्याखाली लहान बोड्या, आणि बोड्यांच्या खाली उतरत्या पायऱ्यांसारख्या धुऱ्यांनी वेढलेल्या धानाच्या बांध्या, असा हा सारा पसारा एकाच पाण्याला हातोहात पुढे देत जातो. मालगुजारीच्या अमदानीत तलावाची डागडुजी मालगुजाराकडे आणि पाण्याचा व गाळाचा वापर गावाच्या निस्ताराकडे, म्हणजे सामायिक वहिवाटीकडे, असे. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली, तलाव सरकारजमा झाले, आणि कागदोपत्री त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ असे पडून राहिले.

या बांध्यांत जून-जुलैपासून पाणी उभे असते. पऱ्हे टाकणे, चिखलणी, रोवणी, निंदण, सारे त्या पाण्यातच. दिवाळीच्या सुमारास पाणी सोडले जाते, हलके धान कापणीला येते, मागून भारी धान येते, कडपा उचलल्या जातात, आणि उरते ती ओलसर, भेगाळू लागलेली, सडांनी भरलेली मोकळी जमीन. कोठे उतेऱ्याची लाखोरी किंवा जवस तिच्यात आधीच रुजलेली असते. आणि त्याच वेळी, कोणी न पेरलेली, कोणी न मागितलेली, एक वनस्पती त्या सडांच्या मधून चहूबाजूंस फांद्या टाकू लागते. ती गोरखमुंडी.

थाइमचे या भूमीवरील खरे प्रतिरूप शोधावयाचे तर माझ्या मते ते हेच आहे, जरी वनस्पतिशास्त्रज्ञ या तुलनेवर नाक मुरडतील. कुळ निराळे, सूर्यफुलाचे. शास्त्रीय नाव स्फिरँथस इंडिकस, आणि तेही लिनियसच्या त्याच १७५३ च्या नामावलीत आलेले. थाइम वर्षानुवर्षे जगते, गोरखमुंडी एका हंगामाची. परंतु तिचा स्वभाव पाहावा. ती वर जाण्यापेक्षा आडवी पसरते, वीत-दीड वीतभर उंचीच्या फांद्यांनी सडांमधली जागा भरून काढते. तिच्या पानांना देठ नाही. पानाची कड तशीच खाली ओघळून खोडावर उतरते, त्यामुळे साऱ्या फांद्यांना दातेरी पंख फुटल्यासारखे दिसतात. अंगावर सूक्ष्म चिकट ग्रंथी, आणि त्या ग्रंथींत तेल. फांदीच्या टोकाला बोराहून लहान, गुलाबी-जांभळे गोल बोंड येते. ते एक फूल नसून अनेक पुष्पगुच्छांचा मिळून झालेला गोळा असतो. पौषातल्या उन्हात अशा बांधीतून चालत गेले म्हणजे पायतळी चिरडलेल्या पानांचा गोडसर, किंचित राळेकडे झुकणारा वास उठतो आणि तो पायताणाला घरापर्यंत सोबत करतो. दरवळ म्हणावा इतका तो नाजूक नाही. पण एकदा ओळखीचा झाला की विसरला जात नाही.

जुन्या वैद्यांना ही वनस्पती चांगली परिचित होती. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मुंडी आणि महामुंडी अशा दोन जाती सांगितल्या आहेत, आणि गंडमाळा, कृमी, मूत्रविकार अशा अनेक तक्रारींवर तिची योजना आढळते. बोडक्या गोल बोंडांमुळे असेल, तिला भिक्षू आणि तपोधना अशी विरक्तांची नावेही मिळाली आहेत. हकिमांनी तिचा ‘अर्क-ए-मुंडी’ रक्तशुद्धीसाठी नावाजला. मुंबईत सरकारी औषधभांडाराची व्यवस्था पाहणारे विल्यम डिमॉक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी औषधींवर जो त्रिखंडात्मक ग्रंथ लिहिला, त्यात ताज्या वनस्पतीचे ऊर्ध्वपातन केल्यावर निघालेल्या गडद रंगाच्या, भांड्याच्या कडांना हट्टाने चिकटून राहणाऱ्या तेलाची नोंद आहे. आधुनिक प्रयोगशाळांनीही तिच्यातून अनेक द्रव्ये वेगळी केली आहेत. तरी काष्ठौषधींच्या दुकानातून मुंडीची वाळलेली बोंडे आणून स्वतःवर प्रयोग करण्याचा सल्ला मी देणार नाही. ते काम जाणत्या वैद्याचे.

गोरखमुंडीला शेजारही तिच्यासारखाच लाभला आहे. तलावाचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडणाऱ्या गाळावर, जेथे गाळपेरीचे पट्टे दिले जातात त्याच्या आसपास, नाकशिंकणी नावाची एक क्षुद्र वनस्पती मातीला अक्षरशः चिकटून पसरते. तिची वाळलेली पूड नाकाशी नेल्यास शिंकांची जी मालिका सुरू होते ती आवरत नाही. सुगंधाच्या मैफलीतील ही विदूषक म्हणावयास हरकत नाही. आणि काठाच्या ओलीत जलपिंपळी. ही मात्र थाइमच्या अगदी बरोबरीने रांगते: पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडीत, दाट चटई विणीत, पिंपळीसारख्या लांबट बोंडाभोवती चिमुकल्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांची कंकणे घालून. तिचा गंध मंद, पण पायदळी तुडवून घेण्याची तिची ताकद मोठी. जपानात याच वनस्पतीच्या निवडक वाणांपासून ‘कुरापिया’ नावाचे भू-आच्छादन तयार करण्यात आले आहे. गवताची हिरवळ जेथे फार पाणी आणि फार कापणी मागते तेथे ते लावतात, आणि रोपे दाम मोजून विकली जातात. गोंदियाच्या तलावाच्या पाळीवर तीच जलपिंपळी म्हशींच्या खुरांखाली फुकट वाढते.

या साऱ्या वनस्पती कोणाच्या आश्रयाने जगतात, हा प्रश्न इंग्लंडातील फुलपाखराच्या उदाहरणानंतर विचारलाच पाहिजे. त्यांचा आश्रयदाता म्हणजे पाण्याचे येणे-जाणे. चार महिने उभे पाणी उंच वाढणाऱ्या तणांना रुजू देत नाही. नांगर बांधी दरसाल कोरी करतो. कार्तिकात पाणी निघून जाते आणि माघ-फाल्गुनापर्यंत ओल पुरते. या मधल्या मोकळ्या मुदतीचा पट्टा गोरखमुंडीच्या नावे आहे, असे म्हणावे. गाढवी नदीवरील इटियाडोह धरणासारख्या प्रकल्पांचे पाणी जेथे पोहोचले, तेथे उन्हाळी धान घेता येऊ लागले. शेतकऱ्याच्या घरी दुसरे पीक आले, आणि त्याबद्दल कोणी हळहळ व्यक्त करील तर तो पोटभरल्याचा रसिकपणा ठरेल. परंतु जेथे जानेवारीत पुन्हा चिखलणी होते तेथे गोरखमुंडीची मुदत संपते, हेही खरे. तणनाशकाची गोष्ट वेगळी आहे. रोवणीनंतर धानाशी स्पर्धा करणाऱ्या तणावर त्याचा उपयोग करण्यास कारण तरी आहे. कापणी होऊन गेलेल्या, पुढे पडीतच राहणाऱ्या बांधीवर आणि धुऱ्यावर फवारा मारण्यास मला कोणतेच समर्थन दिसत नाही. आणि जे तलाव गाळाने भरून उथळ झाले, ज्यांच्या पोटात बेशरमीचे रान माजले, तेथे पाण्याचा चढउतारच बंद पडतो आणि काठची जलपिंपळी त्या रानाखाली गुदमरते. तलावांचा गाळ काढण्याची मागणी धानासाठी होते, मासळीसाठी होते. तिच्यात या रांगत्या वनस्पतींचाही परस्पर फायदा आहे.

राहिला अंगणाचा प्रश्न. गोरखमुंडी बागेत लावण्याच्या भानगडीत पडू नये; तिला बांधीच हवी. ज्याला थाइमचाच वास घराशी हवा असेल त्याने पानओवा लावावा. जाड, लवदार, कातरलेल्या कडांच्या पानांची ही वनस्पती तुळशीच्याच कुळातली आहे, तिच्या तेलात थायमॉल आणि त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल ही दोन्ही द्रव्ये सापडतात, आणि वेस्ट इंडीज बेटांवर तर तिला थाइमच्याच नावाने ओळखतात व मासळीच्या मसाल्यात वापरतात. तिला बी लागत नाही. बोटभर फांदी मोडून मातीत खोचली की पंधरवड्यात ती धरते. जमिनीलगत पसरत जाऊन टेकलेल्या फांद्यांना ती आपणहून मुळे फोडते. दुपारच्या उन्हात झाडाची विरळ सावली आणि पावसाळ्यात पाणी वाहून जाईल असा थोडा उंचवटा, एवढ्या दोनच गोष्टी सांभाळाव्या लागतात. चिखलात ती सडते, आणि हा एक दुर्गुण तिने थाइमकडून घेतलेला दिसतो. पायवाटेच्या कडेने लावावी, म्हणजे जाता-येता लुगड्याचा किंवा धोतराचा काठ लागला तरी वास सुटतो. वाढ फार झाली तर पाने खुडून बेसनात बुडवावी आणि भजी तळावी. ती पावसाळ्यात उत्तम लागतात.

आणि गोरखमुंडी पाहावयाची असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात गोंदियाहून आमगाव, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या वाटेला लागावे, उन्हाळी धान न लावलेली बांधी शोधावी, आणि धुऱ्यावरून खाली उतरून चालावे. मालकाला आधी विचारले तर तो बहुधा नाही म्हणत नाही.